वाघाच्या पाठीमागचं गाव

मुलांनो, एक चौक डोळ्यांपुढे आणा. एसटी स्टँडसमोरचा चौक. भोवती गोल रस्ता, रस्त्यापलीकडे झेरॉक्सचं दुकान, चष्म्याचं दुकान आणि एक रसवंती. चौकाच्या मधोमध लाकडी बाक. रसवंतीच्या दारात उभं राहिलं की तो बाक स्वच्छ दिसतो. त्यावर बसलेल्या बाईच्या साडीचे काठसुद्धा दिसतात. पण तिच्याकडे चालत निघालं तर दिवस मावळतो आणि बाक होता तितकाच लांब राहतो, कारण मधे रान आहे.

आणला डोळ्यांपुढे? आता त्या बाकावर बसलेली बाई आपली आई आहे असं समजा.

पालवीला तसं समजावं लागत नव्हतं. ती तिचीच आई होती.

पालवीच्या आईचं नाव मंजुळा तुंबडा. शहरातले रस्ते, बागा, बसथांबे यांचे नकाशे काढायचं तिचं काम. मायलेकी दोघीच भाड्याच्या घरात राहायच्या. मंजुळा वारल्यांतली, जन्मानं ऐनपाड्याची. ऐनपाडा डोंगरात होता. आता तो धरणाच्या पाण्याखाली आहे, आणि ते पाणी शहर पितं. यात कोणालाच काही वावगं वाटत नसे. मंजुळासुद्धा रोज सकाळी नळ सोडायची, तांब्या भरायची आणि पालवीला म्हणायची, "पी. आपल्याकडचंच आहे."

चौक नवा करायचं ठरलं तेव्हा तिचे साहेब भास्करराव तिला म्हणाले, "मंजुळाबाई, इथल्या मूळच्या लोकांची ओळख दिसली पाहिजे हो चौकात. हे तुमचंच काम. भिंतीवर ती नाचणारी माणसं काढा, की झालं."

"नाचणारी माणसं सगळीकडे झाली, साहेब. स्टँडच्या मुतारीवरसुद्धा आहेत."

"मग काय करायचं म्हणता?"

"वाघदेव बसवू."

वाघदेव म्हणजे गावाच्या शिवेवर उभा असतो तो कोरलेला दगड. वरच्या अंगाला चंद्र आणि सूर्य, खाली वाघ. वाघाचं तोंड रानाकडे आणि पाठ गावाकडे. त्याची पाठ दिसते आहे तोवर तुम्ही गावात असता. त्याचं तोंड दिसायला लागलं की रानात. रानातून परतणारा माणूस त्या दगडाशी थांबायचा आणि आतलं कोणीतरी त्याचं नाव घेऊन, गावाचं नाव घेऊन त्याला 'ये' म्हणायचं. मगच तो आत पाऊल टाकायचा. येतंय ते आपलंच माणूस आहे की माणसासारखं दुसरं काही, हे असं पारखून घ्यायचे. निदान ऐनपाड्याची तरी तशी रीत होती.

मंजुळानं चौकाच्या कडेनं वाघदेवांचं कडं केलं. दगड चांगले निवडले, पाथरवट चांगले बोलावले. एकेक वाघ असा उतरला की येणारा-जाणारा थांबून मिशांवर हात फिरवायचा. सगळ्यांची तोंडं तिनं आत, बाकाकडे ठेवली.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी पालवीचा आजा पुनर्वसनाच्या वसाहतीतून आला. रुपजी तुंबडा त्याचं नाव. धोतर, बंडी, डोक्याला तांबडा रुमाल. संध्याकाळी त्यानं चौकाला एक फेरी मारली, मग उलटी दुसरी मारली.

"मंजे," तो म्हणाला, "तोंडं आत कशी?"

"बाबा, लोक बाकावर बसणार. त्यांना काय पाठी दाखवायच्या?"

"ज्याला पाठ दिसती, तोच गावात असतो ना?"

"दगड कोरडे आहेत, बाबा. शेंदूर लागल्याशिवाय दगड कुठं बघत नसतो. तुम्हीच सांगायचात."

"सांगायचो खरं," आजा म्हणाला आणि त्यानं एका वाघाच्या पाठीवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. "पण देव झालेत बाकी झकास. हा तर आपल्या जुन्यावानीच हसतोय."

उद्घाटन वाघबारशीला होतं. दिवाळीच्या तोंडावरचा तो दिवस वाघदेवाचा. ऐनपाडा बुडाल्यापासून दर वाघबारशीला आजा शेंदराची पुडी घेऊन धरणाच्या भिंतीवर जायचा, देव साधारण कुठं असेल याचा अंदाज घ्यायचा आणि पुडी पाण्यात सोडायचा. पाणी थोडा वेळ केशरी दिसायचं, मग परत हिरवं. त्या वर्षीची पुडी त्याच्या बंडीच्या खिशातच होती.

सकाळी मांडव पडला, लाउडस्पीकर लागला, झेंडूच्या माळा आल्या. पाहुणे चौकाच्या मधे बसले. मंजुळा पिवळी साडी नेसून बाकापाशी उभी होती. भास्करराव भाषण करत होते. आजा आणि पालवी कड्याच्या बाहेर, वाघांच्या पाठीमागे उभे होते, कारण आत खुर्च्या कमी पडल्या होत्या.

"बाय, तेल मिळंल का कुठं?" आजानं विचारलं.

पालवीनं रसवंतीवाल्याकडून झाकणभर तेल आणलं.

"एकालाच लावतो," आजा म्हणाला. "सणाच्या दिवशी इतके देव कोरडे. बघवत नाही."

त्यानं एकाला लावलं. मग शेजारच्याकडे पाहिलं. एक जेवतोय आणि दुसरा ताटाकडे बघतोय, असं ते दिसत होतं.

"आता याला वगळायचं कसं?" तो म्हणाला.

पालवी झाकण धरून मागे मागे चालली. आजा एकेकाच्या पाठीवरून पुढं वाकायचा, बोट बुडवायचा, कपाळाला, डोळ्यांना, पंजांना शेंदूर लावायचा आणि हलक्या आवाजात देवाशी बोलायचा. इतक्या वर्षांचं बोलणं साचलं होतं. तो हसत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. पालवीनं त्याला असं कधी पाहिलं नव्हतं, म्हणून तीही हसत होती. बाकापाशी मंजुळाचं लक्ष गेलं तेव्हा एकच वाघ उरला होता. तिनं 'थांबा' म्हणून तळवा वर केला. लाउडस्पीकरमुळे तिचं बोलणं ऐकू आलं नाही. आजाला वाटलं, पोरगी शाबासकी देतेय.

त्यानं शेवटच्या वाघाच्या कपाळावरून बोट उचललं आणि चौक मोठा झाला.

आवाज काही झाला नाही. मधली जमीन लांबली आणि फरशीच्या सांध्यांतून गवत वर आलं. कातिकात असतं तसं, पिवळं आणि गुडघाभर. पाहुणे खुर्च्यांसकट लांब गेले. दिसत होते, पण लांब. भास्कररावांचं भाषण चालूच होतं, फक्त ते आता डोंगरापलीकडून आल्यासारखं येत होतं. सगळे वाघ त्यांच्याकडे बघत होते.

शहराची माणसं सोशिक असतात. आजानं रीत सांगितली आणि काय करायचं ते त्यांना लवकर समजलं. महापौरांच्या मुलानं बापाचं नाव घेतलं, सोसायटीचं नाव घेतलं आणि 'या' म्हटलं. महापौर गवतातून चालत आले, धोतराची कुसळं झाडली आणि गाडीत बसले. मग एकेकाची माणसं येऊन हाका मारू लागली.

भास्कररावांची बायको आली आणि तोंडाला पदर लावून उभी राहिली.

"अहो," तिनं हाक मारली.

चौकातले तीन-चार पुरुष उठून उभे राहिले.

"वहिनी, नाव घ्या," झेरॉक्सवाला म्हणाला. "नावाशिवाय नाही व्हायचं."

"इतक्या लोकांत?"

"मग राहू देत त्यांना तिथंच."

ती लाजली, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाली, "चौकाच्या मधोमध उगवलं गवत, भास्कररावांवाचून मला नाही करमत. लक्ष्मीविहार, बी विंगला या."

भास्करराव आले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माणसं हसली आणि पांगली. मांडववाल्यालाही कोणीतरी बोलावून घेतलं. मधे फक्त बाक राहिला आणि बाकावर मंजुळा.

पालवी वाघाच्या पाठीमागे उभी राहिली आणि ओरडली, "आई! मंजुळा तुंबडा! घरी ये!"

"कुठलं घर ते सांग," आजा म्हणाला.

पालवीनं इमारतीचं नाव घेतलं, मजला सांगितला, दार सांगितलं. मंजुळा उठली, पिशवी खांद्याला लावली आणि चालत आली. अर्ध्यावर येऊन थांबली. तिला पुढं येता येईना. घर अकरा महिन्यांच्या करारावर घेतलेलं होतं. हाक तेवढीच पोचली. थोडा वेळ उभी राहून ती परत बाकाशी गेली.

मग आजानं रुमाल सोडला, डोकं उघडं केलं आणि हाक दिली, "मंजे! ऐनपाड्याला ये!"

ही हाक पोचली. मंजुळा ताडकन उठली. पण ती त्यांच्याकडे आली नाही, डोंगराच्या दिशेला वळून झपाझप चालायला लागली. चालता चालता तिची साडी घोट्यापर्यंत ओली झाली. मग गुडघ्यापर्यंत. आजूबाजूला तर कोरडं गवत होतं. आजा हाका मारत होता आणि ती हात बाजूला पसरून, तोल सांभाळत जात होती. पाणी तिच्या छातीला लागलं तेव्हा आजा गप्प झाला. मंजुळा थांबली, वळली आणि ठिबकत परत आली. बाकावर बसून तिनं पदर पिळला.

"आजा, परत हाक मार ना," पालवी म्हणाली.

"नको बाय. बुडंल ती."

"मी जाते मग आत. तिला हाताला धरून आणते."

"आणि तुला कोण बोलवंल?"

"तू."

"मला एकच गाव येतं बोलवायला," आजा म्हणाला.

त्या दिवसापासून आजा पालवीपाशीच राहिला. तो सकाळी भाकऱ्या भाजायचा, ती शाळेत जायची, आणि शाळा सुटली की दोघं चौकात यायची. पालवी वाघाच्या पाठीला टेकून बसायची. आवाज पोचायचा, माणूस पोचायचं नाही.

"जेवलीस का, पालवी?" मंजुळा लांबून विचारायची.

"हो. तू?"

"बोरं खाल्ली. इथं बोरी आल्यात."

"रात्री भीती वाटते?"

"नाही गं. वाघ दिसतात. पण ते काही करत नाहीत, नुसते बघतात."

"कधी येशील?"

"कोणी बोलावलं की लगेच," मंजुळा म्हणायची.

शहराला चौक फार आवडला. बाहेरगावची माणसं बघायला येऊ लागली. वाघाच्या पाठीआडून रान बघायची आणि मंजुळाला हात करायची. मंजुळाही हात करायची. भास्कररावांचा सत्कार झाला. लगोलग त्यांनी प्रत्येक नाक्यावर वाघदेव बसवायचं ठरवलं. नकाशे मंजुळाचेच वापरले, तोंडं सगळीकडे रस्त्याकडे. आता शेंदरासाठी आजाची गरज राहिली नव्हती. दोन माणसं पिंप घेऊन टेम्पोतून फिरायची आणि ब्रशनं शेंदूर लावत जायची.

सगळे रस्ते रान झाले. रस्ता ओलांडायचा तर पलीकडच्या फुटपाथवर कोणीतरी ओळखीचं लागायचं. तिथून त्यानं नाव घ्यायचं, गल्लीचं नाव घ्यायचं, मग तुम्ही गवतातून पलीकडे जायचं. सकाळच्या वेळी सगळ्या शहरात हाका चालायच्या. पालवीला पलीकडून तिची मैत्रीण बोलवायची. ती आजारी असली की शाळा बुडायची. चौकाच्या कडेला तिला आणि आजाला रसवंतीवाला बोलवायचा. ज्यांना बोलवणारं कोणी नव्हतं, ते दुभाजकावर उभे राहिले. एक कुल्फीवाला होता, मुलखातून नुकताच आलेला. एक म्हातारी होती, जिची सगळी माणसं वारली होती. पहिले काही दिवस लोक त्यांच्याकडे बघायचे. मग गवत वाढलं आणि बघायचे थांबले.

"आपल्या पाड्यावर एकच होता," आजा एकदा म्हणाला. "एक देव, एक शीव. इथं माणूस पाऊल उचलतो ते एका गावातून, टेकतो ते रानात."

"मग तू कशाला लावलास शेंदूर?"

आजानं भाकरी उलटली. ती थोडी करपली होती. "तू नव्हतीस का झाकण धरून?" तो म्हणाला, पण रागानं नाही. मग म्हणाला, "हात थांबंनात गं."

दिवाळी झाली, थंडी पडली. पालिकेनं घरोघरी लहान वाघदेव वाटले. हातभर उंचीचे, मागे चिकटवायची पट्टी असलेले. शेंदूर आधीच लावलेला होता. पालवीच्या घरी तो देणाऱ्या माणसानंच चिकटवून दिला, स्वयंपाकघर आणि खोली यांच्या मधल्या चौकटीवर. तोंड खोलीकडे. त्या दिवसापासून पालवीची गादी रानात गेली.

"पालवी, चुलीपाशी ये," आजा जेवायच्या वेळी हाक मारायचा. घर भाड्याचं असलं तरी चूल त्यांची होती, म्हणून ही हाक पोचायची. पालवी गादीवरून उठून चालायला लागायची. सुरुवातीला लगेच पोचायची. मग वरण निवेपर्यंत पोचायची. मग वाटेत तिला वह्या घेऊन बसायची सवय लागली, कारण अभ्यास तेवढ्यात व्हायचा.

चौकात मंजुळाभोवतीचं गवत खांद्याला लागलं होतं. पिवळी साडी आणि पिवळं गवत यांत नीट बघावं लागायचं. एकदा तिनं नेहमीसारखं विचारलं, "जेवलीस का..." आणि थांबली. पालवी वाट बघत राहिली.

"जेवलीस का, अगं?" मंजुळा म्हणाली.

"माझं नाव घे ना, आई."

"घेते की. हे काय, आत्ता तोंडाशी होतं." ती हसली आणि बोरीकडे बघायला लागली.

पुढे ती नुसतं 'अगं'च म्हणू लागली. आजाला ती 'अहो' म्हणायची, पाव्हण्यांना म्हणतात तसं.

"गवत डोक्यावरून गेलं की मग?" पालवीनं विचारलं.

"मग हाक जात नाही," आजा म्हणाला. "पलीकडूनबी नाही, अलीकडूनबी नाही."

पालवी भास्कररावांकडे गेली. त्यांच्या टेबलावर एक लहानगा वाघ होता. तोंड समोरच्या खुर्चीकडे. खुर्चीत बसलेली माणसं फार लांब दिसत होती. म्हणून पालवी टेबलाला वळसा घालून त्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

"काका, आईच्या चौकातले वाघ फिरवा. नाहीतर पुसा."

"पुसायचं?" भास्करराव दचकले. "बाळ, लोकांच्या भावना असतात. तुमच्याच लोकांच्या."

"मग फिरवा. तोंडं बाहेर करा."

"म्हणजे बाकावर बसणाऱ्यांना पाठी दिसणार. पाठी बघायला कोण येईल?"

"बाकावर आई एकटीच आहे."

"तेच म्हणतोय मी," भास्करराव म्हणाले. मग मायेनं म्हणाले, "तुझ्या आईनं शहराला केवढं दिलंय, तुला माहीत नाही. तिचं नाव लावणार आहोत आम्ही चौकाला."

"मग ते नाव घेऊन तिला बोलवाल?"

"ती चौकातच आहे ना? तिला चौकात कसं बोलवणार?"

हे खरंच होतं. पालवी घरी आली.

त्या दुपारी ती आजाला घेऊन चौकात गेली. गवताच्या वर मंजुळाचे नुसते केस दिसत होते.

"आजा, वाघ फिरवले तर काय होईल?"

"शीव फिरंल. बाक गावात यील."

"आणि आपण?"

आजानं दुकानांकडे, स्टँडकडे, त्यामागच्या इमारतींकडे, टाकीकडे, डोंगरापर्यंत सगळीकडे नजर फिरवली. "हे समदं रान," तो म्हणाला. "तिच्या एकटीचं गाव. बाकी सगळे भाईर."

"मग ती आपल्याला बोलवेल ना?"

"नाव आठवलं तर."

रसवंतीचं घुंगरू वाजत होतं. मग आजानं कनवटीची भाकरी काढली आणि पालवीच्या हातात दिली. "रिकाम्या हातानं सांगू नको देवांना," तो म्हणाला. "आणि आईला म्हणावं, आजाला शेवटी बोलव. म्हाताऱ्या माणसाला काय घाई?"

पालवी पहिल्या वाघापाशी गेली. भाकरीचा तुकडा त्याच्या पंजाशी ठेवला, दोन्ही हात त्याच्या खांद्यांवर टेकले आणि म्हणाली, "देवा, जरा कूस बदल." दगड सिमेंटात पक्का बसवलेला होता. तो झोपलेल्या माणसासारखा सुस्कारा टाकून वळला. त्याच्यासमोर चष्म्याचं दुकान होतं. दुकानाच्या पायऱ्यांतून गवत वर आलं. चष्मेवाला काउंटरमागून बाहेर आला आणि मुकाट्यानं उभा राहिला.

ती दुसऱ्याकडे गेली. झेरॉक्सचं दुकान लांब गेलं. ती पुढच्याकडे गेली. स्टँडात शिरणारी एसटी जागच्या जागी थांबली, तिच्या चाकांना कुसळं लागली, कंडक्टर उतरला, मग सगळे उतारू उतरले. कोणी आरडाओरडा केला नाही. फार दिवसांपासून त्यांना सवय होती. फक्त हाका मारणारेही आता गवतातच होते, म्हणून हाका थांबल्या. घुंगरू थांबलं. मागच्या गल्ल्यांतून, इमारतींतून, जिन्यांवरून माणसं खाली आली आणि चौकाकडे तोंड करून उभी राहिली. त्यांत भास्करराव होते, त्यांची बायको होती, महापौर होते, दुभाजकावरचा कुल्फीवाला होता. आजा त्यांच्या मागे कुठंतरी दिसेनासा झाला. त्याचा तांबडा रुमाल तेवढा एकदा दिसला.

शेवटच्या वाघाला द्यायला भाकरीचा कोर उरला होता. पालवीनं तो ठेवला आणि खांद्यांवर हात टेकले. वाघ वळला. त्याचं तोंड तिच्या तोंडासमोर आलं. शेंदरातले त्याचे डोळे तिच्याकडे बघत होते. तिच्या पायांना गवत लागलं.

वाघाच्या पलीकडे चौक पुन्हा चौकाएवढा झाला होता. फरशी कोरडी होती. बाक चार पावलांवर होता. मंजुळा उठली, साडीची कुसळं काढली आणि शिवेपाशी आली. तिनं बाहेर पाहिलं. जिथवर नजर जात होती तिथवर गवत होतं आणि गवतात माणसं होती. सगळं शहर, खांद्याला खांदा लावून, तिच्या तोंडाकडे बघत. ती एकेका चेहऱ्यावरून नजर फिरवत गेली. कोणाचंच नाव तिला येत नव्हतं. मग तिनं सगळ्यांत पुढं उभ्या असलेल्या मुलीकडे पाहिलं. कपाळाला आठी घातली, मान थोडी तिरपी केली. तिचे ओठ हलले, पण त्यांतून शब्द आला नाही.

वर्गात हजेरीला नाव पुकारायच्या आधीच कोणीतरी करतं, तसा पालवीनं हात वर केला.